गुळगुळीत फरशी

आम्ही शहापूरचे विणकर. मला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून आप्पांनी, माझ्या वडिलांनी, ठळकवाडीत घर भाड्यानं घेतलं. शाळा जवळ, शेजारी मास्तर-वकील, गल्लीत शिवीगाळ नाही. आप्पा एवढे हरखले की खाली बघायचंच विसरले. घरभर गुळगुळीत फरशी होती. विणताना पाय सोडायला मागाखाली खड्डा लागतो, आणि घरमालक एक फरशी उचकटू देईना.

"आता माग कुठं मांडायचा?" आईनं विचारलं.

"पोरगं शिकू दे गं. मागाचं बघू की."

माग सुटा होऊन माळ्यावर गेला. आप्पा रोज शहापूरला चालत जाऊन दुसऱ्याच्या मागावर बसू लागले.

मी शिकलो, कचेरीत चिकटलो आणि ठळकवाडीतच स्वतःचं घर बांधायला काढलं. आप्पा दबकत म्हणाले, "एक खोली मातीची ठिव की रं. माग मांडतो."

मी खेकसलो, "लोक हसतील, आप्पा."

ते दुसऱ्याच्याच मागावर जात राहिले. शेवटच्या दुखण्यात मात्र ते खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडायचे आणि माग चालवल्यासारखे आळीपाळीनं दाबायचे.

पायांखाली माझी फरशी होती.