अनंताला खोबरेल

सात वर्षांपूर्वी मी तरुण होते. एकसष्ट म्हणजे काय वय असतं? गुडघे कुरकुरत नव्हते आणि अक्कल मुळीच नव्हती. फक्त ती आहे असा दाट समज होता. त्या समजुतीत मी सुनेचं झाड जवळजवळ मारलं.

आमचं घर चाकणला, हायवेलगत, चौथ्या मजल्यावर. मुलाची कंपनी जवळ म्हणून घेतलेलं. सून कोकणातली. तिनं माहेरच्या अनंताची फांदी आणून पुढच्या गॅलरीत कुंडीत रुजवली होती. रोज ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसायची. मला वाटायचं, कौतुक तरी किती. बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा बॅग नवऱ्याकडे दिली आणि कुंडी माझ्याकडे.

"आई, एवढं जपा हं."

"अगं, दोन पोरं वाढवली मी. कुंडीचं काय घेऊन बसलीस?"

पुसणं अर्थातच त्याच दिवशी बंद झालं. पाणी घातलं की झालं, असं माझं शास्त्र. खाली दिवसभर कंटेनर धावतात, पलीकडे ओतकामाचा एक कारखाना काळं काहीतरी सोडत असतो. पंधरा दिवसांत पानं राखेत लोळल्यासारखी झाली. नेमका तेव्हा सुनेचा व्हिडिओ कॉल. "आई, अनंत दाखवा ना."

"थांब, रेंज जातेय," म्हणून मी फोन बंद केला आणि खोबरेलाची बाटली आणली. एकेक पान चोळलं, वरून आणि खालूनही. अर्धवट काम मला आवडत नाही. परत फोन लावला तर सून हरखली. "केवढी चकाकतायत."

झालं. कौतुकाची चटक वाईट. मग दर रविवारी अनंताला अभ्यंग.

दोन महिन्यांत तेलावर धूळ बसून पानं तव्याच्या बुडासारखी झाली. कडा पिवळ्या पडल्या, नवी पानं नखाएवढीच राहिली, कळ्या न उमलताच गळाल्या. फोनवर मी आधी झाडाची बरी बाजू दाखवायचे, मग लांबून, मग म्हणू लागले, "आत्ताच पाणी घातलंय, त्याला त्रास नको."

आमच्या तळमजल्यावर एक म्हातारी राहते. बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी तिच्या घरच्यांचं शेत होतं. ती एकदा विरजण मागायला वर आली, तिनं पानावर बोट फिरवलं आणि हुंगलं.

"बाई, ह्येला खोबरेल लावलंस?"

"चमक यावी म्हणून."

"पान श्वास घेतं, त्येला खालनं बारीक भोकं असत्यात. रस्त्याकडंची आमची मेथी धुरळ्यानं अशीच खुरटायची. पर आमी निस्तं पाणी मारायचो. तू नाकात तेल वतून वर माती लिंपलीस."

"मग आता?"

"रिठ्याच्या पाण्यानं धू. जगलं तर तुझं नशीब. न्हाई जगलं तर सून हायेच."

मी धुतलं. बादलीतलं पाणी डांबरासारखं झालं. झाडावर अकरा पानं उरली. तोवर सुनेला मुलगी झाली होती, बारा दिवसांची. त्या दिवशी मी स्वतःहून फोन केला आणि तेलासकट सगळं सांगून टाकलं. ती रागावेल म्हणून उत्तरंही तयार ठेवली होती.

तिनं विचारलं, "पाणी किती काळं होतं?"

"डांबर बघ."

ती म्हणाली, "आई, पाळणा आपण पुढच्याच खोलीत बांधणार होतो ना?"

तीन महिने मी ती पानं रोज बघत होते. लाज वाटत होती, लपवाछपवी चालली होती. पण पाळणा माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. कडी तर त्याच गॅलरीच्या दाराशी ठोकून झाली होती.

"मागच्या खोलीत बांधू," मी म्हटलं. मागे ओढा आहे, चार बाभळी आहेत, वारा बरा येतो.

"तिथं तुम्ही झोपता."

"माझी पानं गळून झाली. मी जाते पुढं."

"आई, आणि बाळाच्या नाकात तेल घालायचं नाही."

"कोण घालतंय?" मी म्हटलं. मीच घालणार होते.

त्याच दुपारी मुलानं माझा पलंग पुढे आणला आणि कुंडी मागे नेली. अनंत वाचला. कोकणातल्यासारखा माजत नाही, बेतानं वाढतो, पावसाळ्याआधी चार-पाच फुलं देतो. नातीचा पाळणा जाऊन कॉट आली.

गेल्या थंडीत मला खोकला लागला. दोन आठवडे मी तो घशात अडकलेल्या बडीशेपेवर ढकलला. तिसऱ्या आठवड्यात सुनेनं काही न बोलता माझी गादी उचलून मागच्या खोलीत नातीच्या कॉटशेजारी नेऊन टाकली. मी भांडून पाहिलं, उपयोग झाला नाही. नात झोपेत कॉटवरून थेट माझ्या अंगावर येते आणि लाथा मारते. त्याबद्दल मी अजून कुणाकडे तक्रार केलेली नाही.