शेजारच्या गोलकीपरचं विमान

कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मी उताणी पडले होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. हिवाळा असून अंगाला दरदरून घाम सुटला होता. उजवा पाय जरा हलवला की कळ मस्तकात जायची. हातातली ओली चादर पोटावर पडली होती. घरात कोणी नव्हतं. मुलगा कामासाठी वेलिंग्टनला गेलेला, सून शहरात ऑफिसला. मला वाटलं, संपलं सगळं. ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या अंगणात, तेही चतुर्थीच्या दिवशी.

तेवढ्यात शेजारचा गोलकीपर मला पडलेली बघून कुंपणावरून उडी मारून आला.

हा माणूस एका बेटावरचा. त्याच्या देशात जितकी माणसं राहतात, त्याहून जास्त आमच्या तालुक्याच्या जत्रेत येतात. त्यातलीही बरीचशी इकडे ऑकलंडला कामाला. त्यामुळे त्यांच्या देशाचा फुटबॉल संघ सरावाला इथेच जमायचा. हा जवळच ओटाहुहूला कोल्ड स्टोरेजमध्ये मटणाची खोकी उचलायचा आणि कामावरून आला की भिंतीवर बॉल मारून झेलत बसायचा. तो बॉल माझ्या कोथिंबिरीत पडायचा. मी ओरडायचे, "जा, तिकडे जाऊन खेळ." मग संध्याकाळी थालीपीठ नेऊन द्यायचे आणि म्हणायचे, "खा." मी चौथीपर्यंत शिकलेली, मला इंग्रजी जेमतेम. त्याला माझ्याकडून मराठी आली ती एवढीच. मला तो सगळ्यांसारखं आजीच म्हणायचा.

त्यांचा संघ बहुतेक हरायचा. सामना संपल्यावर दुसरे देश आपसांत जर्सी बदलतात, यांना ते करता यायचं नाही, कारण संघाकडे जर्सींचा एकच संच. याची जर्सी कोपरावर फाटली की मी शिवून द्यायचे. एकदा मी सुनेला म्हटलं, "विचार त्याला, दर वेळी हरता, मग जाता कशाला?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "आजी, गोलात कोणीतरी उभं राहायला लागतं."

मी पडले त्या दिवशी त्यांचं विमान होतं. वर्ल्डकपला पोचायच्या वाटेवरचे पहिले सामने, चार वर्षांतून एकदा येणारे. त्याच्यासाठी हे शेवटचे, वय झालं होतं. संघात दुसरा गोलकीपर नव्हता. सामने होते त्या बेटाकडे विमान आठवड्यातून एकदाच जायचं. हे सगळं मला माहीत होतं, कारण महिनाभर त्यानं दुसरं काही बोलू दिलं नव्हतं.

आणि मी का पडले? मला डायबिटीस आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवायची नाही. संकष्टी मी लग्नापासून करत आलेली, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. सून म्हणायची, "आई, निदान साबुदाणा तरी खा." मी म्हणायचे, "उपास म्हणजे उपास." तर सकाळी मी गोळी चुकवली नाही आणि उपासही मोडला नाही. डॉक्टरांचंही ऐकलं, देवाचंही. दुपारी साखर उतरली आणि मी कोसळले, ती खुब्यावरच.

त्यानं माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "शुगर?" त्याच्या आईला हाच आजार. त्यानं खांद्यावरच्या खेळायच्या बॅगेतून गोड जेलची पुडी काढली, दातांनी फोडली आणि माझ्या तोंडाशी आणली. मी दात आवळले.

"मून," मी कशीबशी म्हणाले. "नो मून."

त्यानं खरोखर वर बघितलं. भर दुपार. मग म्हणाला, "खा, आजी. मून लेटर." आणि बोटानं जेल माझ्या गालाच्या आत चोळली. चतुर्थीचा उपास असा मोडला, बोटाला जखमांवरच्या मलमाचा वास होता.

थोड्या वेळानं डोकं ठिकाणावर आलं. ॲम्ब्युलन्सला त्यानं फोन केला होता. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. त्याच्या संघातला एकजण कुंपणापाशी आला. त्यांचं बोलणं मला नंतर सुनेनं त्याला विचारून नीट समजावलं.

"चल रे, काय करतोयस?"

"ही पडलीय."

"शुद्धीवर आहे ना? ॲम्ब्युलन्स येतेय ना?"

"येतेय."

"मग? विमान आपल्या काकांचं आहे का थांबायला?"

हा माझ्याकडे वळला. मी त्याला म्हटलं, "जा." हा शब्द त्याला चांगला कळायचा. तो म्हणाला, "नो." अंगातला कोट काढून त्यानं माझ्यावर घातला आणि शेजारी गवतात बसला. गाडी निघून गेली.

ॲम्ब्युलन्सच्या बाईनं काय काय विचारलं, मला एक सांगता येईना. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन माझ्या गोळ्यांचं पाकीट आणलं, उपासाचं सांगितलं, माझ्याबरोबर गाडीत चढला. सुनेचा फोन मीटिंगमध्ये बंद. ती हॉस्पिटलला पोचेपर्यंत तो माझ्या खाटेशी होता. तोपर्यंत विमान गेलं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाल्या, तशाच तिथे पडून राहिला असतात तर संध्याकाळपर्यंत टिकला नसतात. तिकडे त्यांच्या संघानं गोलात एका बचावपटूला उभं केलं. ते हरले, पहिल्याच फेरीत बाहेर. पुढच्या वेळी त्यांनी तरुण गोलकीपर घेतला. हा देशासाठी पुन्हा खेळला नाही.

घरी आल्यावर मी सुनेला मध्ये बसवून त्याला म्हटलं, "माझ्यापायी तुझं फार मोठं गेलं. मला ते परत देता यायचं नाही." तो म्हणाला, "आजी, मी असतो तरी हरलोच असतो. गोल जरा कमी खाल्ले असते." हसला. पण त्याचे बूट बरेच दिवस गॅरेजमधून बाहेर आले नाहीत, ते मला माझ्या खिडकीतून दिसत होतं.

मी देवाचं करते, अजूनही. पण त्या दुपारचे आभार मी याच माणसाचे मानते, तोंडावर, आणि तो अवघडला तरी मानते. संकष्टीला आता मी गोळीबरोबर जेवते.

यंदा त्यांच्या संघाचा एक सामना त्यानं माझ्या स्वयंपाकघरात फोनवर लावला. गोलात तो तरुण. एक बॉल त्याच्या हाताखालून गेला.

मी म्हटलं, "तू अडवला असतास."

"येस, आजी," तो म्हणाला. खोटं बोलला नाही.

तो त्या विमानात चढला नाही, म्हणून मी जगले.