बारीक खड्यांमधलं इंडक्टन्स

पीएचडीच्या माझ्या सरांनी मला दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मुदत दिली होती. "तुझा सिग्नल म्हणजे नुसता धातू तापल्याचा परिणाम आहे. तसं नाही हे दाखव, नाहीतर विषय बदल." तीन वर्षं घातलेला विषय! मी चरफडत बोर्डीला घरी आले.

तसा विषय सांगायला सोपा आहे. सर्किटमध्ये इंडक्टन्स, म्हणजे वीज बदलू लागली की तिला होणारा अडसर, हवं तर तारेचं वेटोळं लागतं. पण काही धातूंच्या आत अणूंची चुंबकं गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी वळत जातात. त्यातून बदलती वीज सोडली की तो जिनाच वेटोळ्याचं काम करतो. मी त्यात दुसऱ्या मूलद्रव्याची चिमूट घालून, म्हणजे डोपिंग करून, हा परिणाम हवा तसा बदलू पाहत होते. चिमूट वाढवा, कमी करा, आलेख ढिम्म.

घरी चिकूच्या पेट्या भरणं चालू होतं. आमच्यात मुलगी नीट बसायला लागली की तिला चिकू निवडायला बसवतात. मोठा, गुळगुळीत तो नंबर एक. बारीक तो बाजूला. आईसमोर बसून, मनातल्या मनात सरांचा उद्धार करत मी भराभर निवडत होते आणि एक बारीक चिकू बाजूला टाकता टाकता माझा हात थांबला. लॅबमध्येही मी हेच करत होते! वितळलेल्या कथिलातून स्फटिक निघाले की सगळ्यांत मोठा खडा उचलायचा, त्याचेच पातळ काप मोजायचे, बारीक खडे एका बाटलीत ढकलून द्यायचे. माझे मोठे खडे घाईने वाढलेले. पोटात कथिल धरून बसलेले, चिमूट कुठे जास्त, कुठे कमी. स्वच्छ, एकसारखे असलेच तर ते बारीक खडे. असं होऊ शकतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण हाताला वाडीची सवय.

"काय गं, भूत बघितलंस?" आईने विचारलं.

"आई, मी गाढव आहे."

"बरं. पेटी भर आधी."

दुसऱ्याच दिवशी मी डहाणूहून गाडी पकडली. लॅबमध्ये बारीक खड्यांची बाटली उपडी केली, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बारीक खडा चिमट्याने उचलला, प्रत्येकातली चिमूट तपासली आणि मगच मोजायला घेतला. डोपिंग वाढवलं तसं जिना टिकण्याचं तापमान सरकलं, आणि इंडक्टन्सही त्याच्या मागोमाग सरकलं. धातू तापतो तो रोधामुळे, आणि रोध मात्र जवळजवळ तसाच. नुसतं तापणं असतं तर ते जिन्याच्या मागे कशाला धावलं असतं?

सरांनी आलेख उभा धरला, आडवा धरला. पुन्हा मोजायला लावलं. तेच आलं. "लिहायला घे," एवढंच म्हणाले.

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. बाबांना इंडक्टन्स-बिंडक्टन्स काही कळत नाही. त्यांनी एकच विचारलं, "विषय राहिला ना तुझा?"

"राहिला," म्हटलं, आणि भोकाडच पसरलं.

"अगं, मग रडतेस कशाला?"

"जिंकले म्हणून, बाबा!"