उतारावर बंद केलेलं इंजिन

पिकअपचा ॲव्हरेज वाढवायचा माझ्या मोठ्या भावाला भारी नाद. "उतारावर डिझल कायले जाळून राहिला? बंद कर इंजिन," तो म्हणायचा, आणि मी मूर्खासारखा ऐकायचो.

छिंदवाड्याला संत्री उतरवून सौंसरकडे परतताना मी घाटात इंजिन बंद केलं. गाडी आवाज न करता पळत होती. घाट संपता संपता पुढे कापूस वेचून निघालेल्या बाया दिसल्या, सगळ्या पाठमोऱ्या. ब्रेक दोनदा लागला. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं झालं; इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर मिळत नाही. किल्ली बंद, म्हणून हॉर्नही मुका. तेवढ्यात खड्ड्यात चाक आदळून मागचे रिकामे क्रेट खडखडले आणि बाया दचकून बाजूला पळाल्या.

घरी भावानं आधी ॲव्हरेज विचारला. मी क्रेटांकडे पाहत राहिलो. ते भरलेले असते, तर वाजलेच नसते.