वाशीच्या आजोबांच्या पंचवीस सीड्या

दिवाळी सरल्यानंतरचा दुसरा रविवार. ठरलेली रक्कम नऊ हजार, त्यांपैकी इसार दोन हजार रोख. हजर माणसं चार: मी, आमची मंडळी, थोरली मुलगी आणि नळदुर्गहून आलेला मेहुणा. जागा धाराशिवातलं आमचं घर, पुढची खोली. मी बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितो, त्यामुळं व्यवहार मामा-भाचीचा असला तरी आधी सगळं स्पष्ट बोलून घ्यावं असा माझा आग्रह होता. मेहुण्याला तो मान्य नव्हता. "दाजी, ही काय जमिनीची खरेदी हाय का?" असं तो दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा चहा मागितला.

मेहुण्याचा नळदुर्गला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग तो उत्तम करतो. पण त्याचा कॉम्प्युटर मी पाहिला तेव्हा मला घाम फुटला होता. पडद्यावर मुंगी शिरायला जागा नाही एवढ्या फायली, आणि नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'फायनल', 'फायनल खरं', 'हेच घ्या'. एकदा तुळजापूरच्या पाहुण्यांना त्यानं दुसऱ्याच घरची हळद अर्धा तास दाखवली. पाहुणेही बघत बसले, कारण हळदीत सगळे सारखेच दिसतात. 'ही कोण बाई?' असं नवरदेवाच्या आईनं विचारल्यावर घोटाळा कळला.

आमची मुलगी पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून घरी परतली होती. तिनं मामाला फायली लावणारं एक सॉफ्टवेअर लिहून दिलं. लग्न टाकलं की गाव, तारीख, साखरपुडा, हळद, लग्न, वरात असे कप्पे आपोआप पडतात. हे तिनं मामासाठी फुकट केलं, आणि मामाच्या मते ते फारच महाग पडलं, कारण आता कुठली फाईल हरवली म्हणून गिऱ्हाइकाला थांबवता येत नाही.

त्या रविवारी तो नवीन मागणी घेऊन आला होता.

"त्याच्यात सीडी मारायचं बटन पायजे."

मुलगी हसली. "मामा, आता सीडी कोण बघतं? लिंक पाठवायची. लॅपटॉपला सीडीची जागासुद्धा नसते."

"मला म्हायती हाय. वाशीच्या आजोबांना न्हाय."

वाशीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे, हे आजोबा मेहुण्याचं जुनं गिऱ्हाईक. उन्हाळ्यात त्यांच्या नातवाचं लग्न झालं. नातसुनेच्या पहिल्या संक्रांतीला भावकीतली पंचवीस घरं बोलवायची आणि प्रत्येकाच्या हातात टॉवेल, टोपी, नारळ आणि लग्नाची सीडी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मेहुण्यानं लिंकचं सुचवून बघितलं. त्यावर आजोबांनी विचारलं, "ती ताटात कशी ठेवायची?"

मेहुणा दुसरं कुठलं सॉफ्टवेअर वापरून सीड्या मारू शकला असता. पण त्यात फायली पुन्हा शोधून, ओढून टाकायच्या, आणि शोधाशोध आली की त्याचं काय होतं ते तुळजापूरच्या पाहुण्यांना विचारावं. त्याला एकच बटन हवं होतं, आणि नऊ हजार ठरले ते त्याचेच. लग्न निवडलं, बटन दाबलं, सीडी बाहेर.

ही गंमत आमच्या घरात एका कारणानं गंभीर झाली. पुण्याच्या एका कंपनीचं मुलीला बोलावणं आलं होतं आणि डिसेंबरअखेर होय-नाही कळवायचं होतं. तिला जायचं नव्हतं. घरी बसून स्वतःचं काम उभं करायचं होतं. मेहुण्याच्या ओळखीचे उमरगा, लोहारा, तुळजापूर भागातले चार फोटोवाले तिचं सॉफ्टवेअर पैसे देऊन घ्यायला तयार होते, पण सगळ्यांचं म्हणणं एकच: आधी वाशीच्या सीड्या चालू देत, मग बघू. मुलीनं आम्हाला सरळ सांगितलं, "आजोबांनी सीड्या घेतल्या तर मी पुण्याला नाही म्हणते. परत केल्या तर बॅग भरते." मंडळींनी त्या दिवसापासून पुण्याचं नाव काढलं नाही. मी मनात दोन्हीकडची बेरीज मांडत राहिलो आणि ती कधीच जुळली नाही.

सीडी मारायचं बाहेरचं यंत्र, म्हणजे राईटर, मी सोलापूरहून आणला. कोऱ्या सीड्या पन्नासची एक चळत. खरं म्हणजे त्या डीव्हीडी होत्या, पण मेहुण्यापासून वाशीपर्यंत सगळे त्यांना सीडीच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. चळतीवर छापलं होतं ४.७ जीबी. यंत्रात घातली की पडद्यावर दिसायचं ४.३७.

"तेहतीस कुठं गेले?" मी विचारलं.

"पप्पा, कुठं गेले नाहीत. बनवणारे हजारानं मोजतात, कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं मोजतो."

"आमच्या दुकानात असं पोतं भरलं तर शेतकरी मला वजनकाट्यावर बसवतील."

"बसवा हो एकदा," मंडळी आतून म्हणाल्या, "कळू तरी दे किती भरतात."

तरी माझं म्हणणं वाया गेलं नाही. सीडीत खरोखर किती मावतं तेवढंच दाखवणारी एक पट्टी मुलीनं बटनाच्या वर टाकली. लग्न जास्त झालं की पट्टी लाल होते. मेहुण्यानं टाकलेलं पहिलंच लग्न लाल झालं, कारण त्यात बँडवाल्यांचं जेवण पाऊण तास होतं.

पहिली सीडी तयार झाली ती आम्ही आमच्या घरच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअर थोडा वेळ गुरगुरला आणि काहीच न दाखवता गप्प झाला.

"प्लेअर जुना आहे," मी म्हणालो.

"दाजी, सासुरवाडीनं दिलेला हाय. त्याला नावं ठिवायची न्हाईत."

दोष प्लेअरचा नव्हताच. मुलीनं कॉम्प्युटरवरची फाईल जशीच्या तशी सीडीवर उतरवली होती. कॉम्प्युटरला ती वाचता येते, पण इतक्या जुन्या प्लेअरला चित्र वेगळ्या मांडणीत लागतं. हे ती मला समजावत होती तेव्हा मंडळी परातीत पीठ मळत होत्या. त्यांनी एका वाक्यात संपवलं. "म्हणजे पाव्हण्यापुढं तू ज्वारीचं पोतं ठेवलंस. भाकरी करून वाढ की."

त्यामुळं एका बटनाची दोन झाली. एकावर लिहिलं 'साठवायला', दुसऱ्यावर 'टीव्हीवर बघायला'. मेहुण्याला दोन बटनं जड वाटली. "चुकीचं दाबलं तर?" त्यानं विचारलं. मुलगी म्हणाली, "मामा, चुकीचं दाबाल म्हणूनच 'टीव्हीवर बघायला' हे मोठं केलंय." आणि सीडी लिहून झाली की ती पुन्हा पहिल्यापासून वाचून बघायची, सगळं बरोबर असेल तरच हिरवी खूण द्यायची, हेही तिनं घातलं. याला वेळ लागायचा. मेहुणा त्या वेळात झोपायचा आणि खूण आली की "झालं व्हय?" म्हणून उठायचा.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंचवीस सीड्या तयार झाल्या, पंचवीसही हिरव्या. वरच्या बाजूला मेहुण्यानं नवरा-नवरीच्या फोटोचे गोल स्टिकर लावले. मी, मुलगी आणि मेहुणा वाशीला निघालो. लॅपटॉप, राईटर आणि उरलेल्या कोऱ्या सीड्या मुलीनं सोबत घेतल्या. "कशाला ओझं?" मेहुणा म्हणाला. तिनं पिशवी खांद्याला अडकवली.

आजोबांचं घर गावाच्या कडेला, पुढं गोठा, ओसरीवर टीव्ही आणि त्याखाली रुमालानं झाकलेला प्लेअर. आजोबांनी आमचं स्वागत केलं, प्लेअरवरचा रुमाल काढून त्याची घडी केली आणि आधी चहा घ्या म्हणाले. आजींनी सीड्या मागून घेतल्या. नवी वस्तू घरात आली की देवापुढं ठेवायची, यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरी फ्रिजलाही हळदकुंकू लागलेलं आहे. आम्ही चहा घेतला, मग पोहे आले, मग सोयाबीनच्या भावावर बोलणं झालं. ते माझ्या विषयाचं असल्यामुळं जरा लांबलं.

आजी ताट घेऊन बाहेर आल्या. आजोबांनी वरची सीडी उचलून स्वतःच्या हातानं प्लेअरमध्ये घातली. प्लेअर फिरला, खरखरला, थांबला. पडद्यावर काही नाही.

"चालत न्हाय की ही," आजोबा म्हणाले.

मेहुण्यानं मुलीकडं बघितलं. मुलीनं दुसरी घातली. तीच खरखर. तिसरी. आजोबा मेहुण्याकडं असे बघत होते, जसं नापास मुलाच्या बापाकडं मास्तर बघतात.

"कालपर्यंत चालत व्हत्या, आजोबा," मेहुणा म्हणाला.

"मग काल आणायच्या व्हत्या."

मुलीचा चेहरा उतरला होता. तिनं तिसरी सीडी बाहेर काढली, उलटी केली आणि नुसती बघत राहिली. मग मला दाखवली. चकचकीत बाजूला, मधल्या भोकाच्या अगदी जवळ, हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट आणि दोन अक्षता. पंचवीसच्या पंचवीस सीड्यांना. सीडीची वाचायची सुरुवातच तिथून होते.

"आजी, या बाजूला का लावलं हो?" मुलीनं हळू विचारलं.

"वर नातवाचं तोंड हाय की," आजी म्हणाल्या. "सुनंच्या डोळ्यात कुंकू भरू का? म्हणून पालथी केली."

विचार बरोबरच होता. मी असतो तर मीही पालथीच केली असती.

"पुसून टाकू या," मेहुणा रुमाल काढत म्हणाला. "फडक्यानं असं केलं की..."

"हात लावू नको." आजींचा आवाज मोठा नव्हता, पण मेहुण्याचा हात जागीच थांबला. "सुनंच्या पहिल्या संक्रांतीचं कुंकू हाय. पुसायचं न्हाय."

आजोबांनीही मान हलवली. सीड्या चालत नाहीत आणि पुसायच्याही नाहीत. मला पुण्याची बॅग दिसायला लागली, आणि मुलीलाही दिसत असावी, कारण ती एकाएकी उठून ओसरीच्या कडेला गेली. दोन मिनिटांनी परत आली ती सरळ आजोबांसमोर बसली.

"आजोबा, भावकीतल्या पंचवीस घरांपैकी किती घरांत सीडी लावायचा प्लेअर आहे?"

आजोबांनी बोटांवर मोजलं. एकाचा प्लेअर पोरानं भंगारात घातला होता, एकाच्यात पालीनं घर केलं होतं. "आमचा धरून सहा," ते म्हणाले.

"मग बाकीचे एकोणीस जण सीडीचं काय करणार?" मला राहवलं नाही.

"ठिवतील की. आहेर हाय. सगळ्यांना सारखा द्यावा लागतो, न्हायतर वर्षभर ऐकावं लागतं. तुमच्याकडं नसतं व्हय असं?"

आमच्याकडंही असतं.

मुलगी म्हणाली, "मग पूजेच्या सीड्या तशाच राहू द्या. त्या आहेरातच जातील, कुणी पुसणार नाही. सहा घरांसाठी मी आत्ता इथंच नव्या काढते. आजी, त्यांनाही हळदकुंकू लावा, पण कुठं ते मी दाखवते." तिनं एक कोरी सीडी उजेडात धरली. भोकाभोवती आरपार दिसणारी बारीक गोल पट्टी असते, तिच्यावर काहीच लिहिलेलं नसतं. "इथं. इथं कितीही लावा, तोंडावरही जात नाही आणि वाचायलाही अडत नाही."

आजींनी डोळे बारीक करून बघितलं. "एवढीच जागा? करंगळीनं लावावं लागंल."

"करंगळीनं लावा."

लॅपटॉप ओसरीवर उघडला. लग्न निवडलं. बटन दाबायला मुलीनं आजोबांना सांगितलं. त्यांनी आधी हात धोतराला पुसले, मग मोठं बटन बरोबर दाबलं. मेहुण्यानं एवढ्या दिवसांत पहिल्या झटक्यात ते कधी दाबलं नव्हतं, हे मी नोंदवून ठेवतो. पडद्यावरची पट्टी सरकत गेली. आजोबा सगळा वेळ तिच्याकडं बघत बसले, मध्येच "आता हळद आली आसंल" असं म्हणत. एकेका सीडीला पाव तास लागला. मेहुण्याच्या बॅगेत जादा स्टिकर निघाले, ते त्यानं लावले.

पहिली हिरवी खूण आली. आजींनी करंगळी हळदीत बुडवली, मग कुंकवात, आणि भोकाभोवतीच्या पट्टीवर दोन टिंबं उठवली. अक्षता मात्र या वेळी सीडीवर न टाकता आजोबांच्या डोक्यावर टाकल्या. सीडी प्लेअरमध्ये गेली. तो गुरगुरला. मी खाली बघत होतो. वर बघितलं तेव्हा पडद्यावर मांडव होता, आणि मांडवात आजी आचाऱ्याला झापत होत्या.

"हे कशाला घेतलं रे?" आजींनी मेहुण्याला विचारलं.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "खरं तेच घेतलंय."

सहावी सीडी होईपर्यंत दुपार कलली. त्यांच्याकडंच जेवलो. परतताना येडशीला चहासाठी थांबलो तेव्हा मुलीनं पुण्याच्या कंपनीला नकार कळवला. मेहुणा बाजूला फोनवर कुणाला तरी सांगत होता की सीड्या त्यानं वाशीत ओसरीवर बसून, गिऱ्हाइकासमोर, जागेवर काढून दिल्या. भाचीचं नाव त्यात दोन-तीन वाक्यांनंतर आलं. चार फोटोवाल्यांपैकी दोघांनी जानेवारीत सॉफ्टवेअर घेतलं, उरलेले दोघं अजून बघतो म्हणतात.

आजोबांनी मेहुण्याचं ठरलेलं सगळं बिल वाशीतच चुकतं केलं, जादा सहा सीड्यांचे पैसेही धरून. मेहुण्यानं येडशीच्या टपरीवर, माझ्यासमोर, इसाराचे दोन वजा करून उरलेले सात हजार मुलीला दिले. त्यातून राईटरचे चौदाशे पन्नास तिनं मला दिले, ते मी घेतले. आजींनी वाशीहून निघताना तिच्या ओटीत खण, नारळ आणि एकावन्न रुपये घातले. ते वेगळे.