पुढच्या सीटवरची वाळू

जगातल्या एकूण एक वस्तूवर संशय घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच घरात जावई म्हणून आला. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, यजमान. आम्ही त्यांना भावोजी म्हणत असू. मूळचे देवगडकडचे, नोकरीला मुंबईत एका मोटारीच्या कारखान्यात. पण मोटारी बनवायला नव्हे. बनलेली मोटार कुठे आणि कशी दगा देईल, हे आधीच शोधून काढायचं, असं त्यांचं खातं होतं. आमच्या धामापुरात हे कुणाला पटेना. "म्हणजे मोटारी मोडूचो पगार गावता?" असं आमच्या आईने लग्नाच्या बोलणीतच विचारलं होतं. कारखान्याच्या नावाखाली जावई दुसरंच काही करतात, ही तिची शंका पुढे कितीतरी वर्षं गेली नाही.

शंकेच्या बाबतीत भावोजी सासूला भारी होते. आमच्याकडच्या झोपाळ्यावर बसण्याआधी ते चारही कड्या हलवून बघत. विहिरीवर गेले की आधी दोर तपासत, मग तांब्या. सर्विस गाडीत, म्हणजे गावोगावी उतारू नेणाऱ्या मोटारीत, चढण्यापूर्वी खाली वाकून तिचं पोट बघत, पांढराशुभ्र रुमाल धुराच्या नळीला धरत, त्यावरची काजळी हुंगत आणि पेन्सिलीने तारीख घालून रुमाल खिशात ठेवत. असे रुमाल धुवायची अक्काला बंदी होती. "ह्यो धूर माणसांनी घेवचो?" असं त्यांनी एकदा ड्रायव्हरला दरडावून विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "धूर मागे जाता, सायबानूं. आमी फुडे बसतो."

त्याच ड्रायव्हरने पुढे उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं. तेव्हा सगळेच तसं करत. भावोजींनी आरडाओरडा करून गाडी थांबवली, अक्काला खाली उतरवलं आणि उरलेले चार मैल तिला लाल धुळीतून चालवत आणलं. त्यानंतर अक्का मोटारीत बसली नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, आगबोटीने मालवणला उतरायची आणि बैलगाडीने घरी यायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे माहेरही बंद. बोटीवर बरा विश्वास, असं मी चिडवलं तर भावोजी म्हणाले, "बोटीक ब्रेकच नाय, मगे निकामी काय होतला?" त्यांचे थोरले भाऊ सर्विस गाडीबरोबर घाटातल्या दरीत गेले होते, हे मला अक्काकडून कळलं. त्यांनी स्वतः तो विषय कधीच काढला नाही.

पुढे कारखान्याने त्यांना एक नवी गाडी परीक्षेसाठी दिली. ब्रेकच्या तेलाला दोन वेगळ्या नळ्या. एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवील. कल्पना भावोजींचीच, त्यामुळे तिच्यावर त्यांचा विशेष संशय. आमच्याकडच्या चढउतारांवर ती गाडी ते दिवसदिवस पळवत. माणसांच्या वजनाइतकी वाळू भरलेल्या गोणी सीटवर बसवलेल्या असत. मला मात्र जिवंतपणीच मागे बसवत. माझं काही झालं तर चालण्यासारखं असावं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे, तिथून चोरटं सोनं येई, त्यामुळे बांद्याच्या नाक्यावर हवालदाराने आम्हाला अडवलंच.

"गोणयेत काय आसा?"

"वाळू."

"वाळू? मालवणाक? थंय काय कमी आसा?" मग त्याचं लक्ष पुढच्या गोणीकडे गेलं. तिच्यावर शाईने 'सौ.' लिहिलं होतं. "ही कोण?"

"माझी बायको," भावोजी गंभीरपणे म्हणाले. "एक मण चौदा शेर. वखारीतल्या काट्यावर जोखून घेतलीय."

हवालदाराने अक्काचं पोट फाडलं. नुसतीच वाळू निघाली, सोनं नाही, म्हणून त्याचा संशय दुप्पट झाला आणि आम्ही तीन तास बसून राहिलो. मी संतापलो होतो. भावोजी खूश! "माणूस बरो आसा," ते म्हणाले. "उघडून बघल्याशिवाय विश्वास ठेवणा नाय."

तीन वर्षं झाली तरी त्यांनी गाडी पास केली नाही. वरचे साहेब कंटाळले. प्रत्येक फेरीची नोंद एका काळ्या वहीत व्हायची, आणि तिच्यात तक्रारीचा रकाना कधी कोरा नसायचा. ब्रेक तर छान लागतो, असं मी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आज लागलो म्हणान उद्या लागतलोच, ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

आणि एका श्रावणात आईने अंथरूण धरलं. वैद्यांनी मान हलवली. आई सारखी अक्काचं नाव घेत होती. बोटी बंद, घाटात धो धो पाऊस, आणि ओल्या ब्रेकवर तर भावोजींचा सगळ्यात मोठा राग. येणं होणार नाही हे मनाशी धरूनच मी तार केली.

चौथ्या दिवशी भर दुपारी दारात चिखलाने माखलेली ती गाडी उभी राहिली. पुढच्या सीटवर गोण नव्हती. अक्का होती. ती धावत आत गेली. भावोजींनी आधी चाकाखाली दगड लावला, मग दुसरा लावला, आणि मग दारात येऊन उभे राहिले.

"इलंस गो?" आई म्हणाली. "बैलगाडी गावली?"

"नाय गो. ह्यांच्या मोटारीन इलंय."

आईने जावयाकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे मोडली नाय ती?"

"अजून तरी नाय," भावोजी म्हणाले. आई हसली. दोन दिवसांनी ती गेली, अक्काच्या मांडीवर.

ती गाडी बाजारात कधी आलीच नाही. कारखान्याने ते काम गुंडाळलं. भावोजीही आता नाहीत. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः कुणी कशाची छातीठोक खात्री देऊ लागलं की. त्यांच्या पश्चात अक्काने ती काळी वही मला दिली. त्या दिवसाचं पान मी शोधून काढलं. पाऊस, घाट, पुढची सीट: वाळू नाही. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, "चालकाचे हात थरथरतात. गाडीची तक्रार नाही."