काढली ना चाबी?
ही गोष्ट सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण परवा रस्त्यावर पसरलेल्या धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, ऊन वास आला आणि आता लिहूनच टाकावं असं वाटलं. अशाच हंगामात मी एका मित्राला माझ्या गाडीतून केशोरीला नेत होतो. तिथल्या नाटकात तबला त्याचा होता. वाहनांखाली मळणी व्हावी म्हणून लोकांनी रस्त्यावर धान घातलं होतं. त्यावरून गेल्यावर थोड्याच वेळात इंजिन तापलं. मी ते बंद केलं, त्याने बोनेट उघडलं, तर रेडिएटरच्या पंख्यात तणस गच्च अडकलेलं. "चाबी काढली ना गा?" त्याने विचारलं. "काढली ना बे! एवढा मोठा तबलजी अन् पंख्याले भेऊन राहिला?" मी हसलो. खरं तर तापमानाचा काटा उतरतो का ते पाहायला मी चाबी चालूच ठेवली होती. अशा वेळी इंजिन बंद असलं तरी पंखा आपोआप फिरू शकतो, हे मला ठाऊक होतं. त्याने तणस ओढलं आणि मोकळा झालेला पंखा फिरला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. जमलेल्या लोकांना मी म्हणालो, "मी नको म्हणत होतो, यानंच घाई केली." पुढे त्याने स्वतःच्या बायकोलाही 'मीच घाई केली' असंच सांगितलं. गेल्या पावसाळ्यात तो वारला. "चाबी मी काढली नव्हती, माफ कर," हे घोकत तो असताना मी कितीदा तरी मुर्री गावातल्या त्याच्या घरी गेलो होतो, आणि दारात पोचल्यावर दर वेळी एवढंच विचारलं, "जेवला का गा?"